मिस व्हर्डेलचा पत्ता

"हे फ्रिजवर काय चिकटवलंयस?" आईने विचारलं.

मी भांडी विसळत होते. मागे न वळताच म्हटलं, "वाच ना. तुझ्याच नावाचं आहे."

वॉकरच्या चाकांचा आवाज फ्रिजपर्यंत गेला आणि थांबला. मग काहीच नाही. माझी आई गप्प बसली की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. मी नळ बंद केला, हात पुसले आणि वळले. आई कार्डाला नाक लावून उभी होती. व्हर्डेल एम. पिंकनी, नोंदणीकृत मतदार, मेरीलँड राज्य. खाली माझ्या घराचा पत्ता. लहानपणी ती माझं प्रगतिपुस्तक लावायची तसं मी ते कार्ड अगदी मधोमध लावलं होतं.

"आता तुला सिनेटर आहे, आई," मी म्हणाले. "एक नाही, दोन. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी केकसुद्धा आणलाय."

"मी कधी मागितलं हे?"

"अगं, जन्मभर दुसरं काय मागत होतीस?"

"इथे मागत होते का?" तिने खिडकीतून बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे तिचं घर होतं, विटांचं, पुढे तीन पायऱ्या, पायऱ्यांवर तिची वाळून गेलेली जिरेनियमची कुंडी. "तिथे मागत होते."

केक तीन दिवस तसाच राहिला. शेवटी मी शाळेत नेऊन मास्तरणींना वाटला.

आमचा रस्ता म्हणजे सदर्न अव्हेन्यू. अलीकडचा फूटपाथ मेरीलँड राज्यात, पलीकडची घरं वॉशिंग्टन डीसीत. माझ्या दारातून आईच्या पायऱ्यांपर्यंत मी मोजून एकोणचाळीस पावलं चालते. त्या एकोणचाळीस पावलांच्या ह्या टोकाला माणसाला दोन सिनेटर असतात आणि त्या टोकाला एकही नसतो, कारण सिनेटर राज्यांना मिळतात आणि डीसी देशाची राजधानी असली तरी राज्य नाही. डीसीला काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी आहे. तिने बोलावं, भांडावं, हवं तर टेबल बडवावं, पण कायदा मताला टाकला की हात खाली ठेवायचा. कोपऱ्यावर बस थांब्याजवळ हद्दीचा जुना दगड आहे, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. माझे वडील, वेंडेल पिंकनी, म्हणायचे की दगडाला जाळी लावलीय, नाहीतर तोही मत द्यायला मेरीलँडात पळाला असता.

वडील बसच्या आगारात मेकॅनिक होते. तरुणपणी त्यांना युद्धावर जायची चिठ्ठी आली, तेव्हा सरकारला त्यांचा पत्ता बरोब्बर सापडला होता. हे वाक्य ते वर्षातून निदान चारदा म्हणत. पुढे डीसीच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर 'प्रतिनिधी नाही, तरी कर आहे' अशा अर्थाची ओळ छापायला लागले, तेव्हा ते गाडी धूत नसत, पण पाटी दर रविवारी पुसत. ते जाऊन सात वर्षं झाली होती. गॅस, वीज, पाणी, सगळी बिलं अजून त्यांच्याच नावावर येत होती, कारण आईला ते नाव खोडायचं नव्हतं.

आणि आई? आई एकतीस वर्षं सिनेटच्या उपाहारगृहात सूप वाढत होती. पांढऱ्या घेवड्याचं सूप तिथे रोज असतं, काहीही झालं तरी असतं. पहाटे पाचची बस पकडून ती जायची आणि दुपारपर्यंत पळी हातात घेऊन उभी राहायची. कोणाला हॅमचा तुकडा जास्त लागतो, कोणाला डॉक्टरने मीठ बंद केलंय, कोण रागात असला की बिस्किटं चुरून सुपात टाकतो, सगळं तिला पाठ. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं, म्हणतात. इथे वाढपीच माझी आई होती, आणि आमच्या नावाचं पान मात्र मांडलेलंच नव्हतं.

एकदा पश्चिमेकडच्या एका म्हाताऱ्या सिनेटरने तिला प्रेमाने विचारलं होतं, "व्हर्डेल, तुझं घर कुठलं?"

"इथलंच, साहेब."

"तसं नाही. राज्य कुठलं?"

"इथलंच, साहेब."

तो हसला. म्हणाला, "मग तू आम्हा शंभर सिनेटरांची." आणि बिस्किटाची दोन पुडकी उचलून गेला. वाईट नव्हता तो. ख्रिसमसला सगळ्या वाढप्यांना मोसंब्यांची पेटी पाठवायचा. पण आई घरी येऊन बुटाच्या नाड्या सोडताना म्हणाली, "शंभर जणांची म्हणजे कोणाचीच नाही." तेव्हा मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, ती पाय दुखतात म्हणून चिडलीय.

तर त्या कार्डाचं असं झालं. जुलैत आई जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिच्या घरात न्हाणीघर वर, झोपायची खोली वर. शस्त्रक्रियेनंतर मी तिला सरळ माझ्याकडे आणलं. माझं घर बैठं आहे आणि मी शाळेतली नर्स, म्हणजे औषधपाण्याचीही सोय. व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला आमच्या काउंटीची, म्हणजे मेरीलँडातल्या आमच्या जिल्ह्याची, म्हाताऱ्यांसाठी मोफत गाडी येते, पण ती काउंटीच्या रहिवाशांनाच मिळते. म्हणून मी आईला घेऊन ओळखपत्राच्या कचेरीत गेले. तिचं डीसीचं ओळखपत्र त्यांनी जमा करून घेतलं आणि माझ्या पत्त्यावर मेरीलँडचं दिलं. फॉर्म मीच भरला. त्यात एक चौकट होती, 'मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का?' मी खूण केली. मला चौकट दिसली की हात थांबत नाही, बावीस वर्षं लसीकरणाचे तक्ते भरतेय. आईने वेदनाशामक गोळीच्या गुंगीत, चष्म्याशिवाय सही ठोकली. एका खुणेने मी माझ्या आईला परराज्यात नेऊन टाकलं.

एरवी तिने मला चार शब्द सुनावले असते आणि मामला मिटला असता. पण ते वर्ष होतं २०१६. आठ नोव्हेंबरला अध्यक्षाची निवडणूक होती आणि डीसीच्या मतपत्रिकेवर खाली एक वेगळा प्रश्न छापलेला असणार होता: वॉशिंग्टनचं राज्य व्हावं का? हो किंवा नाही. त्यावर काँग्रेस काही करील अशी कोणालाच खात्री नव्हती. नुसता प्रश्नच. पण आईला तो आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरळ, छापील अक्षरात विचारणार होतं, आणि मी तिचं नाव त्या यादीतून उडवून बसले होते.

तिने डीसीच्या निवडणूक कचेरीत फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होते. तिकडचा माणूस फारच समजूतदार निघाला. म्हणाला, मॅम, काळजी करू नका. मेरीलँडची नोंदणी रद्द करा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन नव्याने नाव नोंदवता येतं. निदान तीस दिवस डीसीत राहत असलं पाहिजे आणि नाव-पत्त्याचा एखादा कागद पाहिजे. तुम्ही मुलीकडे नुसत्या बऱ्या व्हायला गेलात ना? मग तुमचं घर तेच. कुठे जायची गरज नाही.

"मुला, तू रात्री झोपतोस कुठे?" आईने विचारलं.

"अं... माझ्या घरी, मॅम."

"तेच. माणूस झोपतो तिथे त्याचं घर. मला शपथेवर सही करायचीय, आणि मी खोटी सही करत नाही. ह्या वर्षी एक करून झालीय." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. फोन ठेवून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट चालवलं. "आठ ऑक्टोबर. शनिवार आहे. त्या दिवशी मी घरी जाणार."

"आई, ते एकतीस दिवस होतात."

"एक दिवस वरचा. मोजताना त्यांचं चुकलं तर?"

मी खूप आदळआपट केली. डॉक्टरचं नाव घेतलं, देवाचं घेतलं, शेवटी वडिलांचंही घेतलं. ती ऐकून घेत होती आणि मेरीलँडच्या कचेरीला पत्र लिहीत होती: माझं नाव आपल्या यादीतून कमी करावं, चूक माझ्या मुलीची आहे, ती मनाने चांगली आहे.

आठ ऑक्टोबरला आम्ही रस्ता ओलांडला. पुढे वॉकर घेऊन आई, मागे तिची उशी आणि गोळ्यांचा डबा घेऊन मी. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने मिसच म्हणतात. एकाने खिडकीतून ओरडून विचारलं, "मिस व्हर्डेल, कुठे निघालात?" ती म्हणाली, "मायदेशी!" आणि हात हलवायच्या नादात पडता पडता वाचली.

तिचा मुक्काम खालच्या सोफ्यावर. शेजारी मी दवाखान्यातून आणलेली खुर्ची, खाली भांडं असलेली. तिला त्या खुर्चीची इतकी लाज वाटे की तिच्यावर तिने चर्चला जातानाची चांगली शाल टाकून ठेवली होती. मी सकाळी शाळेत जायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा असा रस्ता ओलांडायची. झाकलेल्या ताटात कॉलर्डच्या पानांची भाजी, मक्याचा पाव, शुक्रवारी तळलेला मासा.

"आलं का परदेशी जेवण?" ती दार उघडताना म्हणायची. "कस्टमवाल्यांनी अडवलं नाही ना?"

"मासा ओढून घेत होते. तुझं नाव सांगितलं तेव्हा सोडला."

"मीठ मात्र काढून घेतलेलं दिसतंय."

आमचं एक ठरलं होतं. सकाळी सातला तिने पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा. तो वर दिसला की मी समजायचं, आई उठली, ठीक आहे. मी कॉफीचा कप घेऊन माझ्या खिडकीत उभी राहायची. सातला दोन मिनिटं कमी असताना पडदा वर जायचा आणि मागे एक हात दिसायचा, बस् इतकंच. मी बावन्न वर्षांची बाई, पण तो हात दिसेपर्यंत माझ्या घशाखाली कॉफी उतरत नसे.

अठराव्या दिवशी पडदा वर गेला नाही.

सात वाजले, सात वाजून चार मिनिटं झाली. मी घरातल्या सपातांवरच धावले. एका बसने कर्कश्श हॉर्न दिला. किल्ली लागेना. आत आई सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, पाय सरळ पुढे, मांडीवर हात. एखादी पोरगी अंगणात खेळायला बसते तशी.

"लागलं नाही," ती आधीच म्हणाली. "घसरत घसरत बसले. उठताच येईना. ॲम्ब्युलन्स बोलावलीस तर याद राख. ते मला मेरीलँडच्या इस्पितळात नेतील."

मी तिचा खुबा चाचपला, पाय हलवून पाहिला, डोळे पाहिले. खरंच लागलं नव्हतं. ते कळल्यावर मला जो राग आला, तो आजवर कोणाचा आला नसेल.

"बस झालं," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता तू माझ्याकडे येतेस. एका खुणेसाठी तुला दुसरा खुबा मोडून घ्यायचाय? त्या प्रश्नाला विचारतंय कोण? तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत तरी तिकडे कोणी ढुंकून बघणार नाही, तुलाही माहीत आहे!"

"माहीत आहे."

"मग?"

तिने तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडून ते निघालं, जे एकोणीस वर्षं आत होतं. "मी रस्ता ओलांडला, ते तू मला कधीच माफ केलं नाहीस. माझ्याकडे मत आहे आणि तुझ्याकडे नाही. दर निवडणुकीला तू मला 'परदेशी' म्हणतेस आणि मी हसते. मला हसू येत नाही, आई."

तिने शेजारची फरशी थोपटली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुझं ते समोरचं घर तेव्हा विकायला निघालं होतं, ते तुला कोणी सांगितलं?"

"दलालाने. त्याचा फोन आला होता."

"त्याला तुझा नंबर कोणी दिला?"

मी तिच्याकडे वळले.

"तुझा घटस्फोट झालेला, पदरात लेक. इकडे परवडेल असं एक घर नव्हतं. मी पायऱ्यांवर बसले होते, तो समोर पाटी ठोकत होता. मीच हाक मारली. तुझे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, पोरीला एक बैठं घर मिळू दे, एक तरी सिनेटर मिळू दे." तिने माझ्या सपाता पाहिल्या. "तुला मीच पाठवलंय तिकडे. पण सगळेच गेलो, तर इथे राहतंय कोण असं ते विचारतील, आणि उत्तर द्यायला कोणी नसेल. मला एकदाच उत्तर द्यायचंय, रेनिटा. मग तू म्हणशील तिथे येते."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रड नंतर. आधी मला उठव, आणि तो पडदा वर कर. रस्त्यावरच्यांना वाटेल, मेले."

त्या दिवसापासून मी तिच्याकडेच जेवायला लागले. वाद संपला.

कागदाचा प्रश्न मात्र राहिला होता. गॅसचं बिल, विजेचं, पाण्याचं, सगळी वेंडेल पिंकनींच्या नावावर. बँकेची पत्रं मी ऑगस्टपासून माझ्या पत्त्यावर वळवलेली. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातले तिन्ही खण टेबलावर उपडे केले. सुतळ्या, रबर, चर्चची बातमीपत्रं. शेवटी पावाच्या डब्यामागे एक लिफाफा सापडला. डीसी सरकारकडून, घरपट्टीचं त्याच वर्षीचं बिल. व्हर्डेल एम. पिंकनी, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

आई हसायला लागली. इतकी हसली की मला वाटलं पुन्हा खुर्चीवरून घसरेल. "बघ," ती डोळे पुसत म्हणाली, "कर घ्यायचा तर नावात एक अक्षराची चूक नाही. वेंडेल असायला हवे होते."

आठ नोव्हेंबरला तिने जांभळी फेल्टची हॅट काढली. ती माझ्या आजीची. डीसीच्या लोकांना अध्यक्षासाठी मत द्यायची परवानगी मिळाली आणि १९६४ साली पहिल्यांदा रांग लागली, तेव्हा आजी अठ्ठावन्न वर्षांची होती. तिने त्या दिवसासाठी ही हॅट विकत घेतली आणि चोवीस वर्षांच्या आईला शेजारी घेऊन रांगेत उभी राहिली. तेव्हापासून ती हॅट फक्त मतदानाला बाहेर निघते. लग्नाला नाही, मयताला नाही.

केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होतं. नव्या नोंदणीच्या टेबलावर पर्व्हिस गॅस्किन्स बसला होता, आमच्या चर्चचा सेवेकरी, आमच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला, आता स्वतःच पासष्टीचा.

"नाव?" पर्व्हिसने विचारलं.

"पर्व्हिस, तुझ्या गुडघ्याला मी टिंचर लावलंय."

"होय, मिस व्हर्डेल. पण नाव तुमच्या तोंडून यायला लागतं. नियम आहे."

"असाच विचारत जा सगळ्यांना," ती खूश होऊन म्हणाली, आणि ताठ होऊन पूर्ण नाव सांगितलं.

त्याने घरपट्टीचं बिल उजेडात धरून वाचलं. "इथे किती दिवस राहताय?"

"सलग? एकतीस. एकूण? शहात्तर वर्षं, मधले अडीच महिने हाड मोडल्याचे वजा करून."

पर्व्हिसने मान खाली घालून लिहिलं. त्याच्या मानेची शीर उडत होती, तो हसू दाबत होता की दुसरं काही, मला कळलं नाही. शपथेचा कागद त्याने तिच्यासमोर ठेवला. तिने ह्या वेळी चष्मा लावला, एकेक ओळ वाचली आणि मगच सही केली. मग त्याने सांगितलं की तिची मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात जाईल. कचेरी आधी कागद तपासेल, मगच मोजेल. दहा-बारा दिवस लागतील.

"पण मोजतील?"

"कागद बरोबर असले तर मोजतील, मिस व्हर्डेल."

आडोशामागे ती पंधरा मिनिटं होती. मी परराज्यातली, म्हणून भिंतीशी बाकावर बसले. मला तिचे फक्त बूट दिसत होते, वॉकरची चाकं आणि वर हॅटचं पीस. बाहेर आली तेव्हा लिफाफा दोन्ही हातांत धरलेला होता, काठोकाठ भरलेला सुपाचा वाडगा धरावा तसा. तिने तो पेटीत टाकला आणि पेटीवर हळूच एकदा हात ठेवला.

शंभरातल्या पंच्याऐंशीहून जास्त लोकांनी हो म्हटलं. मतं काँग्रेसकडे गेली आणि तिथेच राहिली. त्याबद्दल आईने एक शब्द काढला नाही. तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. रोज सकाळी दहाला ती निवडणूक कचेरीत फोन करून लिफाफ्याचं काय झालं ते विचारायची. अकराव्या दिवशी तिने फोन कानाला लावला, "हो," म्हणाली, "पिंकनी," म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. रिसीव्हर ठेवला.

"मोजलं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने तिने तो सोडवून घेतला आणि खुर्चीवरची शाल घडी करायला लागली. "चल," म्हणाली. "उशी तू घे."

घर आम्ही एका तरुण परिचारिकेला भाड्याने दिलं. तिला एक छोटी मुलगी आहे. आईने किल्ली देताना तिला न्हाणीघराचा गळका नळ दाखवला आणि मतदाराचा फॉर्म दिला. डिसेंबरात आईने स्वतः, चष्मा लावून, माझ्या स्वयंपाकघरात बसून मेरीलँडचा फॉर्म भरला. नवं कार्ड आलं. मी ते फ्रिजवर लावलं नाही. तिनेच लावलं, एका कोपऱ्यात.

मला वाटलं, संपलं. जानेवारीतल्या एका मंगळवारी मला सर्दी झाली म्हणून मी घरी होते. सकाळी नऊच्या सुमाराला स्वयंपाकघरात गेले, तर आई खिडकीशी फोनजवळ बसलेली. अंगात घरातला झगा, पायात लोकरी मोजे, डोक्यावर जांभळी हॅट.

"आज कसलं मतदान आहे?" मी विचारलं.

तिने बोट ओठांवर ठेवलं. फोन लागला होता.

"गुड मॉर्निंग. सिनेटरसाहेबांचं ऑफिस ना? मी त्यांची मतदार बोलतेय. व्हर्डेल पिंकनी." मग तिने माझ्या घराचा पत्ता सांगितला, राज्यासकट. पलीकडून कोणी मुलगी बोलत होती, तिचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता, गोड आणि घाईतला.

मी खुणेने सुचवलं, सुपाची ओळख सांग ना. आईने जोरात मान हलवली. ओळखीसाठी नव्हता तो फोन.

"विषय काय आहे, मॅम?"

"समोरच्या घराबद्दल आहे. माझ्या खिडकीतून दिसतं ते. तिथे एक बाई राहते, तिची मुलगी राहते. कामाला जाते, कर भरते. त्यांना सिनेटर नाही. साहेबांनी त्यांच्यासाठी मत द्यावं, असं माझं म्हणणं आहे. त्या रस्त्यावर तशी पुष्कळ घरं आहेत, पण आज मी त्या एकाबद्दल फोन केलाय. पुढच्या मंगळवारी शेजारच्या घराबद्दल करीन."

तिकडे कळफलकाची टकटक थांबली. "सॉरी, मॅम, मला कळलं नाही. त्या बाई त्यांच्या स्वतःच्या सिनेटरला का फोन करत नाहीत?"

मला वाटलं, आता आई फोन आपटणार. मी पुढे झाले. पण ती मुळीच रागावली नाही. तिने हॅट सारखी केली, आणि शाळेतल्या पोराला समजवावं तशा सुरात म्हणाली, "नवीन लागलीस वाटतं, बाळ. असू दे. पेन आहे ना हाताशी? मग लिहून घे."

आणि तिने पलीकडच्या घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली. आधी घराचा आकडा, एकेक करून. मग रस्ता. मग वॉशिंग्टन, डीसी. पिनकोड दोनदा सांगितला. समोर पडदा वर गेलेला होता आणि एक छोटी मुलगी काचेला नाक लावून आमच्या खिडकीकडे बघत होती.

"आता मला वाचून दाखव," आई फोनमध्ये म्हणाली.